कसला त्रास?

नांदेड-लातूरकडच्या लेकरांच्या बोलण्यात एक शब्द असा आहे की त्यात काहीही मावतं. त्रास. बाकावरचा मुलगा पेन पळवतो, तो त्रास देतो. चौकात मोटारसायकल आडवी लावून उभी राहणारी पोरं त्रास देतात. गणिताचे सर त्रास देतात, म्हणजे गृहपाठ फार देतात, किंवा आणखी काही. मामा त्रास देतो. पोटात त्रास होतो. २०१३ पासून मी या दोन जिल्ह्यांतल्या शाळांत, कॉलेजांत, वसतिगृहांत मुलांशी बोलायचं काम करते आहे. हिशेब मांडला तर कामाचा बहुतेक भाग एकाच प्रश्नात आहे: कसला त्रास? तो कधी विचारायचा, कुठे बसून विचारायचा आणि विचारल्यावर किती वेळ गप्प राहायचं, एवढंच मी शिकले. तेही चुकत चुकत.

इंग्रजीतल्या ‘बुलिंग’ला आपल्याकडे नेमका शब्द नाही. दादागिरी म्हणावं तर डोळ्यांसमोर बाह्या वर केलेला पोरगा उभा राहतो, आणि मी पाहिलेले त्रास देणारे कितीतरी जण अभ्यासू होते, शिक्षकांचे लाडके होते. छळ म्हणावं तर सासुरवास आठवतो. रॅगिंग कॉलेजातलं. चिडवणं फारच हलकं. मग मोठी माणसं सोयीचा शब्द उचलतात, मस्करी. मुख्याध्यापकांच्या खोलीत मी हा शब्द इतक्यांदा ऐकला आहे की आता तो आला की मी चहाचा कप खाली ठेवते. मस्करी हा करणाऱ्याचा शब्द आहे. ज्याची होते त्याला कुणी विचारत नाही.

ते मला सांगितलं लोह्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या सातवीच्या मुलाने. त्याची चप्पल रोज सुट्टीत छपरावर जायची. शिक्षक म्हणाले, पोरं मस्करी करतात. तो खाली बघत म्हणाला, “मस्करी असती तर मलाबी हसू आलं असतं की.”

नॉर्वेत डॅन ओल्वेउस नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. शाळेतल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास पहिल्यांदा त्यांनी केला. तिथे तीन मुलांनी जीव दिल्यावर १९८३ साली देशभर मोहीम निघाली, तीही त्यांच्या कामावर उभी होती. त्यांनी तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं आणि सोसणाऱ्याची ताकद कमी असलेलं. मी सुरुवातीला हे तक्त्यावर लिहून शिकवायचे. मुलं जांभया द्यायची, शिक्षक मोबाइल बघायचे. त्या सातवीतल्या मुलानंतर तक्ता गुंडाळला. आता विचारते: दोघांनाही हसू येतं का? ‘बास’ म्हटल्यावर थांबतं का? आणि उद्या राज्य दुसऱ्यावर जातं का? लपाछपीत ज्याच्यावर रोजच राज्य येतं, त्याच्याबरोबर कुणी खेळत नसतं, त्याच्याशी खेळत असतं. हे तिसरीतल्या पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. उलट तेच हात वर करून नावं सांगू लागतं, आणि मग त्याला थांबवावं लागतं, कारण वर्गात नाव घेतलं की शाळा सुटल्यावर त्याचा हिशेब होतो.

स्पर्शाचं शिकवताना तर मी जास्तच पडले. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला, आणि पुढच्या वर्षी सगळ्यांना ‘गुड टच, बॅड टच’ हवं होतं. मी चाइल्डलाइनची ‘कोमल’ ही छोटी चित्रफीत घेऊन गावोगाव फिरले. चित्रफीत चांगलीच आहे. सात वर्षांची मुलगी, शेजारी राहायला आलेले अंकल, आणि शेवटी आईला सगळं सांगणं. भोकरकडच्या एका शाळेत ती संपल्यावर मी विचारलं, काय कळलं? एक मुलगी म्हणाली, “अंकलपासून जपून राहायचं.” मागून एक पोरगा म्हणाला, “आपल्याकडं कुटं अंकल असतेत?” सगळा वर्ग हसला. मीही हसले. रात्री मात्र झोप लागली नाही. त्याचं खरंच होतं. त्या गावात अंकल नव्हतेच. काका होते, मामा होते, चुलतभाऊ होता, रिक्षावाला दादा होता, शिकवणीचे सर होते. धोक्याची ओळख मी अशा नात्याच्या नावाने करून दिली होती, जे त्या गावात कुणाचंच नव्हतं.

दुसरी खोट त्या ‘गुड’ आणि ‘बॅड’मध्येच होती. चौथीतल्या एका मुलीच्या हिशेबाने दवाखान्यातलं इंजेक्शन वाईट स्पर्श, कारण दुखतं. गुदगुल्या चांगला स्पर्श, कारण हसू येतं. आणि ज्याला हसू आलं, किंवा ज्याला त्या वेळी वाईट वाटलंच नाही, ते लेकरू पुढे स्वतःलाच गुन्हेगार समजतं. म्हणून मी स्पर्शापेक्षा गुपितावर जास्त बोलू लागले. वाढदिवसाची साडी आणली आहे, आईला सांगू नको, हे गुपित चार दिवसांनी फुटणारच असतं आणि फुटल्यावर सगळे खूश होतात. जे गुपित कधीच फुटू द्यायचं नाही, आणि फुटलं तर तुलाच मार बसेल असं सांगितलं जातं, ते गुपित तुझं नाही. ते ज्याने दिलं त्याचं आहे. परत करून टाक.

बोलायला फार सोपं. परत करायचं कुणाला?

आता एका मुलीबद्दल लिहायचं आहे. ती ओळखू येईल असं सगळं मी बदललं आहे. कायद्याचं तसं बंधन आहे, आणि नसतं तरी बदललं असतं. नांदेड शहराबाहेरची शाळा, आठवी-नववीचं वय. सत्र संपल्यावर ती चटया गुंडाळायला थांबली. चटया गुंडाळायला थांबणाऱ्या मुलींकडे माझं लक्ष असतंच. दोन चटया झाल्यावर म्हणाली, “मॅडम, तुम्ही कुणाला सांगणार नाहीत ना?”

मी म्हणाले, “नाही गं.”

तीन वर्षांचा अनुभव होता मला. कायदा तोंडपाठ होता. त्याच्या १९व्या कलमानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा तशी शंका आली, तर पोलिसांना कळवणं कुणालाही बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हेच मी आदल्या आठवड्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणात फळ्यावर लिहिलं होतं. तरी त्या क्षणी तोंडातून ‘नाही गं’ निघून गेलं, कारण तिने बोलावं असं मला फार वाटत होतं. तिने सांगितलं. मामा होता. दर सुट्टीत, आजोळी, दोन वर्षांपासून.

पुढचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. मी तिला परत भेटून म्हणाले की मला हे सांगावं लागणार आहे. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, “तुम्हीबी गुपित ठेवते म्हणला आणि मोडला.” मीच शिकवलेला धडा होता तो. उलट्या बाजूने माझ्यावर आला.

कायद्याप्रमाणे जे व्हायला हवं त्यातलं बरंचसं झालं, हे सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं पोलिसांकडे गेलं की लेकराची धिंडच निघते. जबाब पोलिस ठाण्यात झाला नाही, तिच्या मावशीच्या घरी झाला. फौजदार बाई साध्या सलवार-कुर्त्यात आल्या, आल्या तशा आधी पाणी मागितलं आणि मावशीच्या शेळीची चौकशी केली. लेकराचं ओझं त्या शेळीने बरंच हलकं केलं. बालकल्याण समितीपुढे जावं लागलं. दवाखान्यात महिला डॉक्टर होत्या. कोर्टात मधे पडदा होता, तिला मामाचं तोंड बघावं लागलं नाही. आणि समोरच्या वकिलाने थेट तिला विचारायचं नाही, प्रश्न न्यायाधीशांमार्फतच यायला हवा, हा नियम तिथे पाळला गेला. खटला शक्य तोवर वर्षभरात संपवावा असं कायदा म्हणतो. ते ‘शक्य तोवर’ आमच्या वाट्याला तीन वर्षं आलं.

पण कायद्याच्या कुठल्याच कलमात आजी नाही. मामावर गुन्हा दाखल झाला आणि आजीने दार लावून घेतलं. मुलीच्या आईला माहेर राहिलं नाही. दिवाळीला भाऊबीज नाही, पंचमीला बोलावणं नाही. गावात कुणी आईला थेट काही बोललं नाही, फक्त हळदी-कुंकवाला बोलावणं बंद झालं. मुलीला सगळ्यात जास्त लळा आजीचा होता. ‘सांगितलं तर आजी मरून जाईल,’ असं मामाने सांगितलं होतं. आजी मेली नाही, पण तिच्यापुरती गेलीच. सांगणाऱ्या लेकराला काय काय गमवावं लागतं, हे आम्ही प्रशिक्षणात सांगत नाही. सांगितलं तर कुणी बोलणारच नाही, अशी आम्हाला भीती असते. मला आता वाटतं, लेकरांना ते आधीच माहीत असतं. म्हणून तर ती दोन-दोन वर्षं गप्प असतात. माहीत नसतं ते आपल्याला.

तेव्हापासून मी सत्राच्या सुरुवातीलाच सांगते: तुम्ही मला जे सांगाल ते मी चारचौघांत बोलणार नाही. पण कुणी तुमच्या अंगाला हात लावत असेल, जिवाला धोका असेल, तर ते मी एकटी माझ्यापाशी ठेवू शकत नाही. कुणाला सांगायचं, ते आधी तुम्हाला सांगेन. हे ऐकून काही मुली चटया न गुंडाळता निघून जातात. जाऊ द्याव्या लागतात. काही सहा महिन्यांनी परत येतात.

चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबरही तेव्हाच सांगते. १९९६ साली मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून सुरू झालेली ही सेवा. २०२३ पासून ती सरकारच्या महिला व बालविकास खात्याकडे आली आणि ११२ ला जोडली गेली. नंबर पाठ करून घेणं सोपं असतं, दहा, नऊ, आठ, मुलं गाण्यासारखं म्हणतात. प्रश्न फोनचा असतो. फोन बापाच्या खिशात, आणि लावलेला नंबर त्यात दिसतो. म्हणून आम्ही वर्गात यादी करतो, कुणाच्या फोनवरून लावता येईल. किराणावाली काकू, अंगणवाडीताई, आशाताई, मैत्रिणीची मोठी बहीण. ज्या मुलाला एकही नाव सुचत नाही, त्याच्याशी मी त्याच दिवशी वेगळं बोलते. यादीचा खरा उपयोग तो आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली अत्याचाराची घटना घडली आणि शाळाशाळांत धावपळ उडाली. कॅमेरे, तक्रारपेट्या, आणि कागदावर २०२२ पासून असलेल्या सखी सावित्री समित्या एकदम जाग्या झाल्या. एका शाळेने मला पेटी दाखवायला मोठ्या हौसेने नेलं. पत्र्याची, निळ्या रंगाची, कुलूपबंद. मुख्याध्यापकांच्या दारालगत, बरोबर कॅमेऱ्याखाली. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. आत काय निघालं? दोन चॉकलेटचे कागद आणि ‘पंखा चालत नाही’ अशी चिठ्ठी. सर समाधानाने म्हणाले, “बघा मॅडम, आपल्याकडं तसलं काही नाही.” मी पेटी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर, कॅमेऱ्याआड लावायला सांगितली, आणि पेटी उघडताना एक पालक-आई आणि एक बाहेरची बाई हजर असेल असं ठरवून घेतलं. पहिल्या महिन्यात नऊ चिठ्ठ्या. त्यांतल्या पाच बसबद्दल होत्या. एसटीतल्या गर्दीत रोज येणारा तोच एक माणूस, पाच वेगवेगळ्या अक्षरांत. पाच मुली एकाच बसने जात होत्या आणि एकमेकींना काहीच माहीत नव्हतं. पोलिसांच्या दामिनी पथकाने त्याला तिसऱ्या दिवशी धरलं. सरांचा चेहरा पडला, पण खरं सांगायचं तर पेटी हलवली त्यांनीच.

लातूरला मी गेले ती वेगळ्या कामासाठी. नांदेडहून बस लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाते, आणि जूनमध्ये या बसमध्ये गादीची वळकटी, बादली आणि फराळाचा डबा घेतलेले बाप-लेक असतातच. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीने गाजलेला लातूर पॅटर्न आता डॉक्टर व्हायच्या परीक्षेचा झाला आहे. नांदेडलाही त्याच वाटेने क्लासेसची वस्ती उभी राहिली. घरं पाडून वसतिगृहं झाली, एका खोलीत चार कॉट. मला बोलावलं होतं ‘ताणतणाव व्यवस्थापना’वर बोलायला. मुलं म्हणतील ताण आहे, मी म्हणेन खोल श्वास घ्या, असा करार.

तिथे एका खोलीत एक मुलगा होता. मुखेडकडचा, रिपीटर. त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. ७२० पैकी पहिल्या चाचणीत त्याला २१४ पडले होते, तेव्हापासून तो दोनशे चौदा. “ए दोनशे चौदा, लाइट बंद कर.” “दोनशे चौदाचा डबा आला का?” पुढे त्याला ३९० पडले तरी नाव तेच. झोपेत तोंड उघडं पडलेला त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपचं स्टिकर केलं होतं, आणि ते आता दुसऱ्या इमारतीतल्या पोरांकडेही होतं. मेसमध्ये तो टेबलावर बसला की बाकीचे हसत उठायचे. मारलं का? नाही. शिवी दिली? नाही. पैसे काढून घेतले? नाही. रेक्टर वैतागून म्हणाले, “मग झालं काय?” त्यांच्या वहीत असल्या गोष्टीसाठी रकानाच नव्हता. माझ्याकडे त्याला पाठवलं होतं ते डोकं दुखतं आणि अभ्यासात लक्ष नाही म्हणून.

बाहेर आले तर चौकात फलक. चेहरा, खाली आकडा. चेहरा, खाली आकडा. क्लासच्या भिंतीवर चाचणीची यादी, गुणांच्या उतरत्या क्रमाने, आणि त्याच क्रमाने बॅच. मग त्या पोरांनी वेगळं काय केलं होतं? माणसाला आकड्याने ओळखायचं, हे आपणच शिकवलं. त्यांनी फक्त खालच्या टोकाचा आकडा उचलला.

त्याचा बाप रोज नऊला फोन करायचा. सोयाबीन विकून हप्ता भरलेला. फोन असा: “किती पडले?” “वाढतेत.” “लक्ष दे.” “हाव.” मी बापाला म्हणाले, आठ दिवस मार्क विचारू नका. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “मॅडम, मग बोलू काय?” त्यांना खरंच सुचत नव्हतं. मी म्हणाले, जेवायला काय होतं ते विचारा. तिसऱ्या दिवशी बापाने विचारलं, आज काय होतं? पोरगा म्हणाला, “दोडका. एकटाच जेवलो.” बाप म्हणाला, कामून? आणि तिथून सगळं बाहेर आलं. बापाने दुसऱ्या दिवशी मला फोन करून आधी तो दोडक्याचाच किस्सा सांगितला.

वसतिगृह बदलायचं, पोलिसांत जायचं, पोरांना बोलावून झापायचं, असे सगळे पर्याय आम्ही बोललो. मुलाला एकही नको होता. मी त्याच खोलीतल्या चौथ्या पोराला गाठलं. त्याने कधी आकड्याने हाक मारली नव्हती, आणि कधी काही म्हणालाही नव्हता. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाली यांच्या संशोधनातून ‘किवा’ नावाचा कार्यक्रम उभा राहिला. त्याचा मोठा भर या चौथ्या मुलावर आहे. त्रास देणाऱ्याला बघे लागतात. ते उठून गेले की तमाशा मोडतो. मी त्याला शौर्य मागितलं नाही. म्हटलं, भांडू नकोस, समजावू नकोस, तक्रार करू नकोस. रात्री त्याच्या टेबलावर जेव. तो म्हणाला, “एवढंच?” म्हटलं, एवढंच, पण रोज.

आकडा पूर्ण गेला नाही. मार्चपर्यंत कुणीतरी म्हणायचंच. पण म्हटल्यावर ज्यांनी हसायचं ते हसेनासे झाले, आणि एका टेबलावर दोनाचे चार झाले. जाताना मुलाने मला त्याच्या फोनमधलं एक स्टिकर दाखवलं. दुसऱ्याच एका पोराचं, जून महिन्यातलं. “हे मीच केल्तं, मॅडम. तवा मला लई भारी वाटलं होतं.” त्याने ते माझ्यासमोर पुसलं. मी काही बोलले नाही.

आडनावाबद्दल मी बरीच वर्षं बोलत नव्हते. आमच्याकडे नाव सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, पूर्ण नाव? आणि त्या पूर्ण नावात जे शोधलं जातं ते सापडलं की नव्या मुलाची मेसमधली जागा, खोलीतली कॉट, टोपणनाव सगळं ठरतं. मराठवाड्याच्या ज्या भूमीत विद्यापीठाच्या नामांतरासाठी माणसं मेली, तिथे हे मला दिसत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. दिसत होतं. मी त्याला रॅगिंगमध्ये घालून मोकळी होत होते. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी वसतिगृहात जीवन संपवलं, आणि तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर रॅगिंगबरोबर ॲट्रॉसिटी कायद्याखालीही गुन्हा दाखल झाला. तेव्हा माझ्या सत्रातल्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, तुमच्या तीन प्रश्नांत हे कुठं बसतं?” दोघांना हसू येतं का, हा प्रश्न तिथे लागूच होत नव्हता. त्या दिवसापासून मी चौथा विचारते: तुला जे म्हणतात ते तुझ्या घरच्या सगळ्यांनाच लागू होतं का? काही वर्गांत या प्रश्नावर अशी शांतता पसरते की शिक्षक खिडकीबाहेर बघू लागतात.

आणि मुलगे. “पोराला काय होतंय?” हे वाक्य मी मुख्याध्यापकांकडून, सरपंचांकडून, एकदा एका डॉक्टरांकडूनही ऐकलं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. त्यात लैंगिक अत्याचाराचा कुठला तरी प्रकार सोसल्याचं सांगणारी मुलं निम्म्याहून अधिक होती, आणि त्या सांगणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच. अठरा वर्षं होऊन गेली त्या अहवालाला. आजही मला ‘फक्त मुलींसाठी’ सत्र घ्यायला बोलावतात आणि तेवढा वेळ मुलग्यांना मैदानावर सोडतात. मी आता आधी मैदानावर जाते.

मागच्या महिन्यात त्या चटया गुंडाळणाऱ्या मुलीच्या आईचा फोन आला. मुलगी आता कॉलेजात आहे. खटल्यात शिक्षा झाली, मामाने वरच्या कोर्टात अपील केलं, जामिनावर बाहेर आला आहे. घरात मावसभावाचं लग्न निघालं आहे. आजी येणार, मामाही येणार. आजीने कितीतरी वर्षांनी निरोप पाठवला, लेकरांना घेऊन ये. आई विचारत होती, जावं का. तिच्या आवाजात असा काही आनंद होता की मला ‘नाही’ म्हणवेना, आणि ‘हो’ तर मी म्हणूच शकत नव्हते.

मी विचारलं, “पोरगी काय म्हणते?”

“तिला अजून विचारलंच नाही हो मॅडम.”

“आहे का घरी? द्या बरं फोन.”

भांड्यांचा आवाज आला, मग पावलं. नुसतं मॅडम म्हणाली आणि थांबली. मीही थांबले. बराच वेळ पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मग म्हणाली, “लग्नाला मी जाणार नाही. पण आजीला भेटायचंय. तिला एकटीला इकडं आणता येईल का?”

मी म्हणाले, तुझ्या आईला परत फोन दे.